अर्धा उरलेला घटस्फोट

"मला घटस्फोट हवाय," लतिका म्हणाली.

शशिकांत तेव्हा जेवणाच्या टेबलावर अंदमानच्या सहलीची तीन कोटेशनं एकाखाली एक मांडून बसला होता. तिसरं आजच आलं होतं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून अंदमानला जायचं ठरलं होतं. तो वाढदिवस गेल्या महिन्यातच, घरी, मुगाच्या खिचडीवर होऊन गेला होता. पण तीन कोटेशनं आल्याशिवाय शशिकांतला निर्णय घेता येत नसे. तो एका केंद्रीय मंत्रालयाच्या खरेदी शाखेत होता. तिथे साधी खुर्ची घ्यायची तरी तीन दुकानदारांकडून भाव मागवायचे, तक्ता करायचा आणि सर्वांत कमी भाववाल्याला, म्हणजे ‘एल-वन’ला, ऑर्डर द्यायची. नोकरीभर हेच केल्यामुळे ते त्याच्या हाडीमांसी मुरलं होतं. घरातला गीझर एल-वन होता, म्हणून पाणी कोमट यायचं. पडदे एल-वन होते, म्हणून खिडकीपेक्षा वीतभर आखूड होते. मुलीच्या बारशाचा फोटोग्राफर एल-वन होता, त्यामुळे बारशाच्या एकाही फोटोत मुलगी नव्हती.

"ऐकलंत का? घटस्फोट म्हणतेय मी."

"ऐकलं," शशिकांत म्हणाला. आणि मग, काही विचार न करता, निव्वळ सवयीने त्याच्या तोंडून गेलं, "तीन कोटेशनं मागवतो."

तो एवढं बोलला नसता तर रात्री पिठलंभात झाला असता आणि प्रकरण तिथेच मिटलं असतं. घटस्फोट काय, लतिकाने आधीही मागितला होता. एकदा पडद्यांवरून, एकदा सासूबाईंवरून. पण तीही सरकारी लेखा कार्यालयात होती. एकदा कागद पुढे सरकला की तो मध्येच थांबवणाऱ्याला सगळेच प्रश्न विचारतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"मागवा," ती म्हणाली. "बघूच."

तिने ‘नको’ म्हणावं म्हणून शशिकांत थोडा वेळ थांबला. ती म्हणाली नाही. मग त्याने अंदमानचे कागद बाजूला सारले आणि कोरा कागद घेतला.

पहिलं कोटेशन साउथ दिल्लीतल्या एका वकीलबाईंचं. त्यांच्या ऑफिसात पाऊल ठेवताच एका मुलीने गार पाणी आणि टिश्यूचा डबा पुढे केला. टिश्यूचे पैसे वेगळे आहेत का, असं शशिकांतने विचारलं. वेगळे नव्हते, बाईंचे तीन लाख होते आणि वर जीएसटी. दुसरं नोएडाचं, पावणेदोन लाख, पण दर तारखेला गाडीभाडं निराळं. तिसरं फरीदाबादच्या चड्ढा वकिलाचं. चड्ढांचं ऑफिस एका हलवायाच्या दुकानावर होतं. तिथल्या फायलींनासुद्धा जिलबीचा वास यायचा.

"अस्सी हज़ार," चड्ढा म्हणाले. "सब मिला के. लेकिन भाईसाहब, एक स्कीम है. दो जोड़े साथ आओगे तो पचपन-पचपन. एक ही तारीख़, एक ही गाड़ी, एक ही मुंशी. मेरा भी बचता है, आपका भी."

"पचपन में काग़ज़-वाग़ज़ सब?" लतिकाने विचारलं.

"सब, बहनजी. फोटोकॉपी तक."

दोघं जिन्यात आली.

"पंचवीस हजार वाचतात," शशिकांत म्हणाला.

"वाचतात खरे," लतिका म्हणाली. "उगाच ऐंशी कशाला द्यायचे?"

कित्येक महिन्यांत त्यांचं एखाद्या गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं होतं. त्या आनंदात खाली येऊन त्यांनी एक प्लेट समोसा घेतला, दोघांत मिळून.

आता प्रश्न एवढाच होता की दुसरं जोडपं कुठून आणायचं. दिल्लीतल्या मराठी माणसाला कुठलीही वस्तू वाटून घ्यायची असली की तो एकाच माणसाला फोन करतो. शशिकांतनेही केला. तात्याराव फरीदाबादच्या एका कारखान्यातून निवृत्त झाले होते आणि तेव्हापासून हापूसच्या पेट्यांचं काम बघत होते. आर. के. पुरमपासून नोएडापर्यंतच्या मराठी घरांचा त्यांनी फोनवर ग्रुप केला होता. कोकणातून पेट्या यायच्या, ज्यांना अख्खी परवडत नाही त्यांच्यात अर्धी-अर्धी वाटली जायची. आंबे संपले की मसाला, मग दिवाळीचं उटणं. तात्यारावांचा एक नियम होता. पेटी अर्धी उरली तर ती परत पाठवायची नाही. जो वाटणी करतो त्याने ती अर्धी स्वतः घ्यायची. या नियमापायी त्यांच्या घरी चार लोकांना पुरेल एवढी शिकेकाई होती आणि नवराबायको दोघांनाही केस बेताचेच होते.

"घटस्फोट?" तात्याराव फोनवर म्हणाले. "कितीला पडतोय?"

"एकट्याला ऐंशी. जोडीला पंचावन्न."

"चांगला भाव आहे रे! आत्ता टाकतो ग्रुपवर."

शशिकांत ‘अहो, ग्रुपवर नको’ म्हणेपर्यंत त्यांनी टाकलंसुद्धा. ‘घटस्फोट, फरीदाबाद, वकील ओळखीचा. अर्धा शिल्लक. गरजूंनी लवकर कळवावे.’ त्याखाली कुणी अंगठ्याचं चित्र टाकलं, कुणी ‘आणि उटणं कधी?’ असं विचारलं. एका बाईंनी ‘आम्हाला पुढच्या वर्षी’ असं लिहिलं आणि लगेच पुसून टाकलं. मयुराचा, म्हणजे शशिकांतच्या मुलीचा, नोएडाच्या ऑफिसातून फोन आला.

"पापा, व्हॉट इज धिस? ग्रुप डिस्काउंटवर डिव्होर्स? आई कुठे आहे? तिला फोन द्या."

लतिकाने फोन घेतला. "अगं, पंचवीस हजार वाचतायत."

"आई, यार, तुम्ही दोघं सेम टु सेम आहात. तुमचा डिव्होर्स होऊच शकत नाही," असं म्हणून मयुराने फोन ठेवला.

आठवडा झाला तरी कुणी पुढे आलं नाही. मग एका रविवारी तात्याराव संध्याकाळी घरी गेले आणि चपला काढता काढता बायकोला, गिरिजाकाकूंना, म्हणाले, "अगं, एक घ्यावं लागलं."

"आता काय आणलंत?"

"घटस्फोट. अर्धा उरला होता."

काकू भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "बरं. ठेवा तिथे," त्या म्हणाल्या.

चड्ढांनी दोन्ही जोडप्यांना पेढे दिले, पैसे आगाऊ घेतले, पावती फाडली आणि मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तो अब आप लोग एक साल अलग-अलग रहिए. फिर अर्ज़ी लगाएँगे."

"एक साल?" चौघंही एकदम ओरडली.

"क़ानून है जी. राज़ीख़ुशी वाले में एक साल अलग रहना ही पड़ता है."

"आपने पहले नहीं बताया!" शशिकांत म्हणाला.

"आपने रेट पूछा था. मैंने रेट बताया."

शशिकांतने तिथल्या तिथे हिशोब केला. दिल्लीत एक खोली घ्यायची म्हटलं तरी वर्षाचं भाडं घटस्फोटाच्या चौपट होत होतं. पैसे परत मिळणार नव्हते. एका जोडप्याने अंग काढलं तर दुसरं एकटं पडणार आणि एकट्याला ऐंशी. चौघंही हलवायाच्या बाकावर डोकं धरून बसली. मग तात्यारावांचा चेहरा उजळला. वाटणी हा त्यांचा हातखंडा होता.

"घरं दोन आहेत ना? माणसं चार. तुझं सरकारी क्वार्टर तुझ्या नावावर, म्हणजे तुला तिथेच राहिलं पाहिजे. मी तुझ्याकडे येतो. लतिका आमच्याकडे, गिरिजाजवळ. एक पैसा खर्च नाही."

"म्हणजे मी तुमच्याबरोबर राहायचं?" शशिकांतने विचारलं.

"वर्षभरच तर आहे," तात्याराव म्हणाले.

 लतिकाने शशिकांतकडे पाहिलं. तो काहीतरी बोलेल असं तिला वाटलं असावं. तो चड्ढांच्या पावतीवरचा शिक्का नीट उमटलाय का ते बघत होता.

रविवारी तात्याराव आले. बरोबर एक वळकटी, एक पत्र्याची पेटी आणि अर्ध्या पोत्याला जराशी कमी पडेल इतकी शिकेकाई. पहाटे पाचला उठून ते खड्या आवाजात स्तोत्र म्हणत आणि गीझर बंद करत. "थंड पाण्याने रक्त फिरतं," असं ते दाराबाहेरून सांगत. चहा ते मोजून करत आणि गाळणीतली पावडर वाळत घालत. एकदा ते ओखल्याच्या मंडईतून फ्लॉवरचं अख्खं पोतं घेऊन आले, कारण पोत्याने घेतलं तर भाव निम्मा होता. मग सकाळी फ्लॉवर, दुपारी डब्यात फ्लॉवर, रात्री फ्लॉवरची भजी. ऑफिसात शशिकांतचा डबा उघडला की पंजाबी सहकारी खुर्च्या मागे घेऊ लागले.

"तात्या, एवढं आणायच्या आधी मला एकदा विचारायचं तरी!"

"त्यात काय विचारायचं? सर्वांत स्वस्त तेच होतं."

"स्वस्त, स्वस्त! घरात माणूस राहतं की नाही? त्याला काय हवंय, नको..."

शशिकांत मध्येच थांबला. हे वाक्य त्याच्या ओळखीचं होतं. ते त्याने पंचवीस वर्षं ऐकलं होतं, पण समोरच्या बाजूने.

त्या रात्री तो पलंगाच्या एका कडेलाच झोपला. दुसरी कड मोकळी होती. तिथे सरकायला त्याला कुणाची हरकत नव्हती, तरी तो सरकला नाही.

मग फोन सुरू झाले. शशिकांत ऑफिसातून लतिकाला फोन करून विचारायचा, "जिऱ्याचा डबा कुठे असतो?"

"गॅसच्या डाव्या हाताला. पंचवीस वर्षं तिथेच आहे."

"अच्छा. आणि जिरं कसं दिसतं? बडीशेपेसारखंच ना?"

लतिका हसायची नाही, पण फोनही ठेवायची नाही. दोन दिवसांनी तिचा फोन यायचा. "इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचं असतं हो?" तात्यारावांच्या घरी इन्व्हर्टरच नव्हता, हे शशिकांतला माहीत होतं. तरी तो तिला सगळं समजावून सांगायचा, कुठलं पाणी, किती, कुठल्या खुणेपर्यंत. ती मध्ये मध्ये "हं, हं" करायची.

तात्याराव मात्र पहारेकरी झाले. चड्ढांनी बजावलं होतं, की वर्षात नवराबायको एकत्र राहिली तर वर्ष पुन्हा पहिल्यापासून. आणि एका जोडप्याचं वर्ष लांबलं की दुसऱ्याची तारीखही लांबणार. शशिकांत घरी आला की ते दारातच त्याच्या शर्टाचा वास घ्यायचे.

"हिंग येतोय. कुठे होतास?"

"ऑफिसच्या कँटीनमध्ये."

"सरकारी कँटीनमध्ये एवढा चांगला हिंग? खोटं बोलू नकोस. लतिकाला भेटलास?"

"तात्या, ती माझी बायको आहे!"

"सध्या नाही. सध्या ती आपल्या स्कीममध्ये आहे."

शेवटी शशिकांतने विषय काढला. फ्लॉवरचा रस्सा समोर होता. "तात्या, मला हे नको आहे. घटस्फोट नको. आपण चड्ढांना सांगू या."

तात्यारावांनी घास तसाच धरून ठेवला. "मला तरी कुठे हवाय? गिरिजाशिवाय मला रात्री झोप येत नाही. ती घोरते, त्या लयीवर मी झोपतो."

"मग झालं तर!"

"झालं काय? तू निघालास की मी एकटा. एकट्याला ऐंशी. माझे पंचवीस हजार कोण देणार? आणि दोघांनी सोडलं तर भरलेले एक लाख दहा हजार पाण्यात. नको असलेल्या घटस्फोटापायी एवढे पैसे घालवायचे?" त्यांनी घास तोंडात टाकला. "पेटी फोडली की परत होत नाही, शशिकांत. दुसरी दोन गिऱ्हाइकं आण. आपल्या जागी त्यांना बसवू. मग सुटलो."

म्हणजे चौघांपैकी एकालाही घटस्फोट नको होता आणि तरी तो रीतसर, ठरल्या तारखेला, सवलतीच्या दरात होणार होता.

पहिलं गिऱ्हाईक नोएडात सापडलं. परीक्षित आणि रुचिता, दोघंही मयुराच्याच आयटी कंपनीत, आणि तिच्या सांगण्याप्रमाणे दोघंही कॅफेटेरियात एकमेकांच्या अंगावर ओरडत असत. काम स्कीमचं होतं म्हणून तात्यारावांनी शशिकांत आणि लतिकाला बरोबर जाण्याची परवानगी दिली. "मेट्रोत डबे वेगळे घ्या," एवढी अट घातली. लतिका महिलांच्या डब्यात बसली आणि शशिकांत त्याला लागून असलेल्या डब्यात, जोडाजवळ उभा राहिला. संपूर्ण प्रवासभर दोघं मधल्या गर्दीतून एकमेकांकडे बघत होती.

परीक्षितने दार उघडलं तेव्हा आतून स्टीलचं भांडं आपटल्याचा आवाज आला. लतिकाने शशिकांतला कोपराने ढोसलं. लक्षण उत्तम होतं.

"पंचावन्नात सगळं?" परीक्षित म्हणाला. "काका, एकदम बेस्ट डील आहे. मी तर आज साइन करतो."

"मीही करते," आतून रुचिता म्हणाली. "पण फ्लॅटचं काय?"

"हां यार. फ्लॅट."

"कुठला फ्लॅट?" लतिकाने विचारलं.

परीक्षितने खिडकीतून बोट दाखवलं. लांब धुरकट हवेत एका टॉवरचा सांगाडा उभा होता. वर एक क्रेन होती, तिच्यावर घारी बसल्या होत्या. "अठरावा मजला. दोघांच्या नावावर कर्ज आहे. बिल्डर पळालाय, केस चालू आहे. फ्लॅट मिळेपर्यंत तो वाटायचा कसा? आणि वाटल्याशिवाय वेगळं व्हायचं कसं?"

"मग तोपर्यंत?"

"तोपर्यंत काय, आहे लग्न," रुचिता बाहेर येऊन म्हणाली. "लोकांची लग्नं मुलांमुळे टिकतात. आमचं बिल्डरमुळे. तो सापडला ना काकू, तर दुसऱ्या दिवशी सह्या. बसा, पोहे करते. परीक्षित, कांदा चीर, आणि मागच्या वेळेसारखा जाडा चिरू नकोस!"

पोहे चांगले झाले होते. गिऱ्हाईक गेलं होतं.

परतीच्या वाटेवर मंडी हाउसला लतिकाला फरीदाबादची गाडी बदलायची होती. शशिकांतही उतरला. दोघं वर आली आणि न ठरवता कोपर्निकस मार्गाला लागली. तिथे आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये साबुदाण्याचे वडे मिळतात, हे दोघांनाही माहीत होतं. कोपऱ्यात स्पर्धा परीक्षेची तीन मुलं एका थाळीत जेवत होती. शशिकांतला वाटलं, बोलायचं ते आत्ताच. पण काय बोलायचं याची त्याला सवय नव्हती. ज्याची होती तेच तो बोलला.

"मी हिशोब केलाय लतिका. दोन घरांचं दूध, दोन घरांचा गॅस, तुझं मेट्रोचं भाडं. माझ्या डब्याला फ्लॉवर सोडून काही मिळत नाही, म्हणून बाहेर खाणं होतं. एकत्र राहिलो तर महिन्याला सहा हजार वाचतात. सगळ्या बाजूंनी बघितलं. तू परत आलीस तर सर्वांत कमी खर्च होतो."

लतिकाने हातातला वडा खाली ठेवला.

"म्हणजे मी एल-वन," ती म्हणाली.

"नाही, तसं नाही..."

"तसंच. तुम्हाला मी स्वस्त पडते म्हणून हवी आहे. उद्या फ्लॉवर स्वस्त झाला तर?" तिने पर्स उचलली. "अहो, मी काही महागडं मागत नव्हते. अंदमानसुद्धा नको होतं मला. नुसतं ‘चल’ म्हणाला असतात तरी पुरे होतं. तीन जणांना विचारून काय ‘चल’ म्हणायचं?"

ती गेली. तिचा अर्धा वडा बशीत होता. तो वाया जाऊ नये म्हणून शशिकांतने उचलला. मग त्याने तो तसाच परत ठेवला आणि पैसे देऊन बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसातून अर्धी रजा घेतली आणि फरीदाबाद गाठलं. चड्ढा पंख्याखाली भिजवलेले बदाम सोलत होते.

"मेरा तलाक़ कैंसल करना है," शशिकांत म्हणाला. "मैं निकल रहा हूँ. तात्यारावजी का रेट पचपन ही रहना चाहिए."

चड्ढांनी बदाम खाली ठेवला. अशी गिऱ्हाइकं सोडायची नसतात, हे त्यांना माहीत होतं. भाव चढा सांगितला की पुढे घासाघीस होईल, या तयारीने ते म्हणाले, "देखिए भाईसाहब, आपके पचपन तो गए. उनका फ़र्क़ पच्चीस. वो आपको देना पड़ेगा. टोटल अस्सी. बहुत नुक़सान है आपका."

शशिकांतने खिशातून पाकीट काढलं आणि पंचवीस हजार टेबलावर ठेवले.

चड्ढांनी पैशांकडे पाहिलं, मग शशिकांतकडे. "पूरे?"

"पूरे."

"कुछ कम करने को नहीं बोलेंगे?"

"नहीं."

"भाईसाहब, इतने में तो मैं आपका तलाक़ करवा देता!"

"मालूम है," शशिकांत म्हणाला.

चड्ढांना घाम फुटला. याच माणसाने त्यांना फोटोकॉपीचा दर पानाच्या एका बाजूला की दोन्ही बाजूंना, असं विचारलं होतं. त्यांनी त्याला पाणी दिलं, बदाम दिले, जिना उतरेपर्यंत मुंशीला त्याच्या मागे पाठवलं. आणि तो रिक्षात बसताच त्यांनी लतिकाला फोन लावला.

"बहनजी, आपके हज़्बंड आए थे. घबराइए मत. पर उन्होंने पच्चीस हज़ार दिए और मोल-भाव नहीं किया. एक रुपया भी नहीं. मुझे तो तबीयत ठीक नहीं लगी. फ़ौरन किसी डॉक्टर को दिखा लीजिए."

लतिका ऑफिसातून उठली ती बॅग, छत्री, डबा सगळं तिथेच टाकून. तिने गिरिजाकाकूंना फोन केला. मेट्रोचा विचारही न करता दोघींनी आपापल्या जागेवरून टॅक्स्या केल्या. शशिकांत घरी पोचून चपला काढतोय तोच दोघी पाठोपाठ जिना चढून आल्या. लतिकाने आधी त्याच्या कपाळाला हात लावला, मग मनगट धरलं, मग त्याला खुर्चीत बसवून डोळ्यांत पाहिलं.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही. बरा आहे मी."

"चक्कर? छातीत?"

"लतिका, काही नाही. पैसे दिले फक्त."

त्याला काही झालेलं नाही हे नक्की होताच तिचा आवाज चढला. "पैसे दिले फक्त? ऐंशी हजार! अहो, पंधरात सोडला असता त्याने! मला का नाही नेलंत बरोबर? मी नुसती जाऊन उभी राहिले असते तरी तो वीसवर आला असता. ऐंशी हजार रुपये देऊन काय मिळवलंत? काही नाही! होतं तेच!"

"हो," शशिकांत म्हणाला. "तेच हवं होतं."

लतिका पुढचं वाक्य विसरली. ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. आतून तिचा आवाज आला, "आणि जिऱ्याचा डबा इथे कुणी ठेवला?"

"मी," तात्याराव म्हणाले. ते इतका वेळ खिडकीपाशी उभं राहून काहीतरी पुटपुटत होते. "गिरिजा, म्हणजे आता आपला घटस्फोट एकट्याचा, पण दर जोडीचा. शिवाय दरवर्षी भाव चढणार. असू दे. ठेवून देऊ. कधी लागला तर?"

"ठेवा. नीट ठेवा," गिरिजाकाकू म्हणाल्या. "आता ती वळकटी उचला आणि चला. टॅक्सी खाली उभी आहे, मीटर पडतंय."

मीटर म्हटल्याबरोबर तात्याराव धावले.

ते गेल्यावर लतिकाने फ्लॉवरचं उरलेलं पोतं शेजारच्या सरदारजींच्या दारात नेऊन ठेवलं आणि डाळतांदूळ कुकरला लावले. दर थोड्या वेळाने ती आतून म्हणायची, "ऐंशी हजार!" शशिकांत बाहेरून म्हणायचा, "हं." भांडी घासताना म्हणाली, ताटं मांडताना म्हणाली, त्याला दुसऱ्यांदा भात वाढतानाही म्हणाली.

सकाळी शशिकांत दाढी करत होता. गॅलरीतून लतिकाचा आवाज येत होता. ती नागपूरला धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होती. आवाज दबका ठेवल्यासारखा होता, पण शेजारच्या दोन बाल्कन्यांपर्यंत नीट पोचेल इतका.

"काय सांगू तुला, अगं वेडाच आहे हा माणूस. मी तिकडे राहिले तर यांना करमेना. गेले सरळ वकिलाकडे आणि टेबलावर पैसे ठेवले. म्हणाले, बायको परत पाहिजे. नाही गं, घासाघीस कसली! जेवढे सांगितले तेवढे. तुझ्या नवऱ्याने दिले असते का? हं. किती म्हणजे..." ती क्षणभर थांबली. "दीड लाख."

शशिकांतने नळ बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.